इकडे काढणी, तिकडे छाटणी : आल्सासच्या वाइन मार्गावरील दोन दिवस

शनिवार, २८ सप्टेंबर, रात्री, एगिसाइम

पहाटे जर्मनीतील कार्ल्सरूहेहून निघालो तेव्हा इतका गारठा होता की हातमोज्यांतही बोटे बधिर झाली होती. ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये शिरलो, स्ट्रासबुर्गला वळसा घातला आणि मार्लेनहाइमच्या पाटीपाशी पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच वर आले होते. याच गावापासून दक्षिणेला थानपर्यंत पूर्व फ्रान्समधील आल्सास प्रांताचा सुमारे १७० किलोमीटरचा वाइन मार्ग जातो. तो १९५३ मध्ये जाहीर झाला, परंतु ज्या गावांना तो जोडतो ती त्याहून कित्येक शतके जुनी आहेत. मोटारसायकलवर एवढे अंतर एका दुपारीही संपेल. मी त्यासाठी दोन दिवस काढून ठेवले होते, आणि आता वाटते की चार काढायला हवे होते.

मी निघालो होतो ती मध्ययुगीन गावे पाहायला. निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला बागेचे अप्रूप काय असणार, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या तासाभरातच मोडली. डावीकडे ऱ्हाइनचे सपाट खोरे, उजवीकडे वोज पर्वताची निळसर रांग आणि तिच्या पायथ्याच्या उतारावर, गावाच्या तटापासून थेट जंगलाच्या काठापर्यंत, तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ ओळी. पश्चिमेकडून येणारा पाऊस वोज पर्वत अडवून धरतो, त्यामुळे पूर्वेचा हा पट्टा कोरडा राहतो; कोलमार हे फ्रान्समधील सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक गणले जाते. हेल्मेटच्या आत मला हसू आले. सह्याद्री ओलांडून निफाडकडे येताना पाऊस जसा थकतो, तसाच तो इथेही थकतो. शाळेत पर्जन्यछाया हा शब्द नकाशावर बोट ठेवून शिकलो होतो, आज तो ताशी साठच्या वेगाने पाहिला.

सध्या काढणीचा हंगाम जोरात आहे. रस्ता अरुंद, आणि दर वळणापलीकडे द्राक्षांनी भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असण्याची शक्यता. चाकांबरोबर बागेतली ओली माती डांबरावर येते, वर सांडलेल्या द्राक्षांचा रस पडतो, आणि दुचाकीस्वाराला ते मिश्रण तेलापेक्षा कमी घातक नाही. माझा अपघात मात्र असा शोभिवंत नव्हता. एका गावात, उताराच्या फरसबंद गल्लीत, पुढचा ट्रॅक्टर थांबला म्हणून मीही थांबलो, डावा पाय टेकवला, आणि जिथे जमीन असेल असे वाटले होते तिथे ती वीतभर खाली होती. सामानासह सव्वादोनशे किलोची गाडी मी अत्यंत सावकाश, जणू कोणाला झोपवावे तशी, आडवी केली. काढणीसाठी आलेले दोघे मजूर धावत आले आणि आम्ही तिघांनी ती उभी केली. क्लचचा दांडा थोडा वाकला आहे, मला काहीही लागलेले नाही. दगडी गल्ल्या घोड्यांसाठी आणि बैलगाड्यांसाठी घातलेल्या असतात, हे छायाचित्रांत कळत नाही.

दुपारी रिकवीर. गाडी तटाबाहेरच ठेवून चालत आत गेलो. गावाच्या वरच्या टोकाला डोल्डर नावाचा १२९१ चा दरवाजा-बुरूज आहे. गावाकडून पाहिले तर तो लाकडी चौकटींचा, एखाद्या घरासारखा दिसतो. बाहेरून पाहिले तर नुसती दगडी, कोरी, कठोर भिंत. आतल्यांना घर आणि बाहेरच्यांना तट, हा विचार मला फार आवडला. घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अंगावर येणाऱ्या, आणि तट संपताक्षणी वेली सुरू. इथल्या उतारावर हातभर जमीनही घरासाठी वाया घालवणे परवडत नसावे, असे मला वाटले. आमच्याकडेही मळ्यातले घर बागेच्या कडेला, जिथे वेल लावता येत नाही अशाच मुरमाड तुकड्यावर बांधतात.

तटाबाहेरच्या बांधावर एक वृद्ध बागायतदार दुपारचा डबा खात बसले होते. मी जर्मनमध्ये विचारले, त्यांनी आल्साशी बोलीत उत्तर दिले, आणि निम्मे समजून निम्मे अंदाजाने आमचे चांगले अर्धा तास चालले. (इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही जर्मन वळणाची बोली आहे. १८७१ पूर्वी जन्मलेला आणि १९४५ पर्यंत जगलेला माणूस गाव न सोडता फ्रान्स-जर्मनी असा चार वेळा देश बदलून बसला असता.) मी एका वेलीची पाने उलटून पाहत होतो, कारण त्यांवर निळसर डाग होते आणि ते मला ओळखीचे वाटले. "कॉपर," ते म्हणाले. मोरचूद आणि चुना! निफाडच्या आमच्या घरी, नानांच्या बागेतल्या टाकीत ढवळले जाते तेच बोर्डो.

बोर्डो हा शब्द मी शाळेत जाण्यापूर्वीपासून ऐकत आलो आहे, आणि तो एका फ्रेंच शहराचे नाव आहे हे मला बारावीनंतर कळले. डावणी हा द्राक्षवेलीचा रोग अमेरिकेतून फ्रान्सच्या बागांत १८७८ च्या सुमारास आला. बोर्दो भागातले शेतकरी रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा निळा फवारा मारत, तो केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. त्या रस्त्याकडेच्या वेलींची पानेच तेवढी रोगातून वाचली आहेत, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले, आणि १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण औषध म्हणून जाहीर केले. म्हणजे चोरांच्या भीतीतून निघालेला उपाय आज आमच्या निफाडच्या बागा वाचवतो. त्या बागायतदारांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी आधी विचारले की भारतात द्राक्षे होतात का, आणि मग, वर्षातून किती वेळा छाटता?

दोनदा, मी म्हणालो. त्यांना ते पटेना. त्यांच्या वेलीला हिवाळा झोपवतो; ती पाने गाळते, थंडीत तिची एकदा छाटणी होते आणि वसंतात ती आपोआप जागी होते. आमची वेल कधी झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून तिच्याकडून घड घ्यायचे. मुळेही दोन्हीकडे अमेरिकन जातीची: त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या म्हणून, आमच्याकडे क्षारपड जमिनीला आणि पाण्याच्या ताणाला डॉगरिज ही मुळांची जात टिकते म्हणून. त्यांनी रिस्लिंग या वाइनच्या द्राक्षाचा एक घड तोडून माझ्या हातावर ठेवला. मणी लहान, साल जाड, बिया दोन-तीन. बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेल्या जिभेला तो आधी आंबट आणि नंतर अनपेक्षितपणे मधासारखा लागला.

वाइन मात्र दिवसभर चाखली नाही. फ्रान्समध्ये चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमच्या आत अल्कोहोल चालते. माझ्या हिशेबात दुचाकीवर ती मर्यादा शून्य आहे, आणि सकाळच्या त्या गल्लीनंतर तर नक्कीच. गाडी एगिसाइमच्या बाहेर रात्रीपुरती लावल्यावर एक पेला घेतला. हे गाव वर्तुळात वर्तुळ अशा गल्ल्यांचे आहे. मधल्या गढीभोवती फिरत राहिले की आपण पुन्हा त्याच दारापाशी येतो. मी तीनदा आलो. तिसऱ्यांदा दारातल्या बाईंनी हात केला.

रविवार, २९ सप्टेंबर, कार्ल्सरूहे

सकाळी मुद्दाम थोडे मागे, उत्तरेला गेलो, कारण काल बेनवीर हे गाव नुसतेच मागे टाकले होते. रिकवीरपासून ते थोड्याच किलोमीटरवर. वेली त्याच, माती तीच, गावाच्या नावाचा शेवटही तोच. घरे मात्र १९५० च्या आसपासची, सरळ रेषांची, आणि चर्च नव्या धाटणीचे. डिसेंबर १९४४ मध्ये कोलमारभोवतीच्या लढाईत हे गाव जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त झाले. रिकवीर वाचले. काल मी ज्या खिडक्यांची छायाचित्रे काढत होतो त्या खिडक्या बेनवीरलाही असतील, आणि पर्यटकांच्या बसगाड्या इथे थांबत नाहीत यात बेनवीरचा काही दोष नाही. मी चौकात गाडी बंद करून पंधरा मिनिटे बसलो. एका अंगणात द्राक्षे दाबण्याचे यंत्र चालू होते आणि सबंध गल्लीला आंबूस वास येत होता. उद्ध्वस्त झाल्यावर इथे बाग आधी उभी राहिली की घरे, हे विचारण्यासारखे कोणी भेटले नाही.

कायजर्सबर्गचा तटबंदीचा पूल पाहिला, कोलमारमध्ये जेवलो. थान राहिले. वाकलेला क्लच गर्दीत त्रास देऊ लागला होता, म्हणून ब्रायझाखच्या पुलावरून ऱ्हाइन ओलांडली आणि थेट घर गाठले.

संध्याकाळी नानांना फोन केला. मी तटबंदीचे वर्णन सुरू केले, त्यांनी द्राक्षांतल्या साखरेचे माप विचारले, "ब्रिक्स किती लागतंय तिकडं?" मी म्हणालो, विचारायचे राहिले. मग त्यांनी सांगितले की निफाडला गेले चार दिवस पाऊस थांबलेला नाही, छाटणी करावी तर कोवळ्या फुटीवर डावणी येईल, न करावी तर माल मार्चअखेरीस जाऊन भाव पडेल. त्या निळ्या पानांची गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रस्त्याच्या कडेच्या दोन ओळी आपल्याही नेहमी चांगल्या राहतात. मला वाटायचं, वारा लागतो म्हणून."

उघडीप मिळाली तर गुरुवारी छाटणी सुरू करणार आहेत.