फाइल उघडते, पण बोलत नाही

पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर ठेवलेला माझा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम नीटनेटका आहे, असा माझा समज होता. वर्गातल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने शेजारी बसून तो एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, उघडला आणि पाच मिनिटांत तो समज गळून पडला. पहिले टिपण स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे मजकुराचे नुसते चित्र होते. "मॅडम, फाइल उघडते, पण बोलत नाही," तो शांतपणे म्हणाला. दुसरे मी युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेले होते; अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, तरी फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेतांक असतात, त्यामुळे 'मागणी' या शब्दाऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे ऐकू येऊ लागली. शीर्षके मी नुसती ठळक केली होती, शीर्षकाची शैली दिली नव्हती. साहजिकच 'एच' ही कळ दाबून शीर्षकांवरून पुढे जाण्याची त्याची सवय माझ्या पानांवर निरुपयोगी ठरली. सात दुव्यांवर तर 'येथे क्लिक करा' एवढेच लिहिलेले होते; कोणता दुवा कुठे नेतो, हे ऐकून कळत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत सगळी टिपणे युनिकोडमध्ये पुन्हा टंकली आणि प्रत्येक आठवड्याला टिपण, ध्वनिफीत, स्वाध्याय असा एकच क्रम ठेवला. हे कंटाळवाणे असले तरी सोपे होते. खरी कसोटी लागली ती स्क्रीन रीडरसाठी लिहायच्या आलेखांच्या वर्णनात. 'मागणी वक्र' एवढ्याने काहीच कळत नाही आणि 'हा वक्र लवचीक आहे', म्हणजे किंमत बदलली की मागणी त्याहून जास्त प्रमाणात बदलते, असे लिहिले, तर स्वाध्यायाचे उत्तरच फुटते. शेवटी लिहिले : 'किंमत १० रुपयांवरून ८ रुपयांवर येते, तेव्हा मागणी १०० नगांवरून १५० नगांवर जाते.' पुढचे गणित ज्याचे त्याने करावे.

चाचणीच्या वेळेचे काम त्यामानाने किरकोळ निघाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाढीव वेळेचा उल्लेख आहेच. तासाला २० मिनिटे या हिशेबाने ३० मिनिटांची चाचणी मूडलमध्ये त्याच्यापुरती ४० मिनिटांची करता आली.

परवा त्याचा संदेश आला. तिसऱ्या आठवड्याच्या आलेखाच्या वर्णनात मी उभ्या अक्षावरची किंमत चुकून आडव्या अक्षावर टाकली होती. बाकीच्या मुलांनी आकृती पाहिली होती. वर्णन एकट्याने त्याने वाचले होते.