शिकवणी नाही, मग अभ्यास कोण घेतं?

परवा ब्लाउजचं माप देता देता तुम्ही विचारलंत, "तुमची मुलगी शिकवणीला जात नाही म्हणे. मग अभ्यास कोण घेतं तिचा? आमचा तिसरीपर्यंत किती छान होता हो, चौथीत गेल्यापासून काय झालंय कळतच नाही." तेव्हा दुकानात गर्दी होती, दोन साड्यांचं फॉल-पिको संध्याकाळच्या आत द्यायचं होतं. "बोलू सावकाश," एवढंच म्हणाले मी. पण जूनपासून हा प्रश्न मला पाच-सहा जणींनी तरी विचारलाय. म्हणून आता नीट लिहूनच काढते.

अभ्यास मी घेत नाही. मला तो घेताही येणार नाही. माझं शिक्षण बारावी, हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातले तीन-चार मुक्काम बाहेरच. मी इतकंच करते, संध्याकाळी साडेसातला मशीन बंद करते आणि ती मोठ्यानं वाचते ते वीस मिनिटं ऐकते. चौथीच्या दिवाळीनंतर सुरू केलं, आता ती सातवीत आहे.

तिसरीपर्यंत तिचंही तुमच्या मुलासारखंच होतं. पाढे तोंडपाठ, अक्षर वळणदार, वहीवर बाईंचा 'छान'चा शेरा. चौथीच्या पहिल्या सत्रात गणितात वीसपैकी सात आले. गंमत म्हणजे मांडून दिलेली वजाबाकी, गुणाकार, भागाकार, सगळं बरोबर. शाब्दिक उदाहरण आलं की चूक. मी म्हणायचे, लक्ष नाही हिचं. ती वही घेऊन मशीनजवळ बसायची आणि दर उदाहरणाला विचारायची, "आई, गुणायचं का भागायचं?" मी शिलाई न थांबवता सांगायचे, "गुण." उत्तर बरोबर यायचं. तीन-चार महिने तिच्या गणितातला विचार करायचा भाग मीच उरकत होते आणि मला वाटायचं, मदत करतेय.

मग एका संध्याकाळी लाइट गेली. मोटरचं मशीन, काम ठप्प. बॅटरीच्या उजेडात तिच्याशेजारी बसले. उदाहरण होतं, 'शंभर वह्यांपैकी २४ मुलांना प्रत्येकी ३ वह्या वाटल्या, तर किती वह्या उरल्या?' हिनं २४ ला ३ नं भागून ८ लिहिलं होतं. का गं भागलंस? तर म्हणाली, "बरोबर भाग जातो ना." म्हटलं, मोठ्यानं वाच बघू. तिनं वाचलं, "प्रत्येक ३ वह्या वाटल्या." पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा 'प्रत्येक'. ती शेवटची वेलांटी तिला दिसतच नव्हती. 'प्रत्येकी' म्हणजे काय, विचारलं तर गप्प. 'पैकी' म्हणजे? तिथेही गप्प. आमच्या घरात रोज बोलले जाणारे हे शब्द, पण कागदावर आले की तिच्यासाठी नुसती दोन आकड्यांमधली भरती.

मी बटणांचा डबा ओतला. म्हटलं, ही चार पोरं बसलीत असं समज, प्रत्येकी तीन बटणं दे. तिनं आधी तीनच बटणं उचलली, एका जागी ठेवली, मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे सगळ्यांना तीन-तीन?" हो. क्षणभर थांबली आणि एकदम म्हणाली, "मग बहात्तर वह्या गेल्या! अठ्ठावीस उरल्या!" पेन्सिल हातात नव्हती. तोंडी केलं पोरीनं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. गणित तिला येत होतं, आणि मी चार महिने तिला लक्ष नाही म्हणून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तिसरीपर्यंत मुलं वाचायला शिकतात, चौथीपासून वाचून शिकावं लागतं, आणि पुष्कळ मुलं नेमकी तिथेच अडतात. 'असर'च्या पाहणीचं त्यांनीच सांगितलं. त्यात गावोगावच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा एक साधा उतारा वाचायला देतात, आणि देशभरातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना तो सलग वाचता येत नाही. माझी मुलगी उतारा वाचत होती, पण शब्दांवरून घसरत घसरत. ऐकल्याशिवाय ते कळत नाही. मनातल्या मनात वाचणारं मूल तासभर पुस्तकासमोर बसतं आणि आपल्याला वाटतं, अभ्यास चाललाय.

चौथीचा इतिहास शिवछत्रपतींचा. पुरंदरचा तह १६६५ चा आणि त्यात २३ किल्ले द्यावे लागले, हे तिला घडाघडा येत होतं. तह म्हणजे काय ते विचारलं. "लढाई," म्हणाली. धडा पाठ होता, बाई प्रश्न विचारतील तर गुणही मिळाले असते, आणि महाराजांनी तेव्हा केवढा कडू घोट गिळला ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. त्या दिवशी वीस मिनिटांचा तास झाला. तिला प्रश्नावर प्रश्न पडले, किल्ले दिले मग परत कसे घेतले, रागवले नाहीत का महाराज.

म्हणून सांगते, ऐकताना मध्ये मध्ये चुका काढू नका. परिच्छेद संपू द्या. मग अडलेला एखादाच शब्द घ्या आणि "काय झालं यात, मला सांग" एवढंच विचारा. पाठ्यपुस्तकाचा कंटाळा आला तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. आम्ही मोबाइलवर वाचतो. आईच्या लहानपणीचे अंक म्हणून तिला त्याचं जास्तच अप्रूप.

पाचवीत नवीनच अडचण आली. सेमी सुरू झालं, गणित-विज्ञान इंग्रजीतून. म्हणजे 'प्रत्येकी' कुठे कळायला लागलं तोवर त्याचं 'ईच' झालं. मी एक दोनशे पानी वही मध्ये रेघ मारून दिली. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इंग्रजी. अंश-न्यूमरेटर, छेद-डिनॉमिनेटर, उरलेले-रिमेनिंग. शब्द अडला की तिनंच लिहायचा. वही अजून आहे, शेवटची पानं भरत आलीत.

अपूर्णांकांत मात्र वही पुरली नाही. १/४ मोठा का १/८? तिनं १/८ ला मोठं ठरवलं, कारण आठ चारापेक्षा मोठे. बाईंनी वर्गात गोल काढून, रंगवून दाखवलं होतं, पण गोल वहीतच राहिले. मी गळ्यातला टेप काढून तिच्या हातात दिला. आम्हा शिवणाऱ्यांचा इंच आठ सुतांचा. म्हटलं, एक सूत दाखव. तिनं नखानं ती बारीक रेघ धरली. आता पाव इंच दाखव. नख दोन रेघा पुढे गेलं. "पाव म्हणजे दोन सूत?" अर्धा इंच? "चार सूत." मग ती स्वतःच पुटपुटायला लागली, दोन अष्टमांश म्हणजे पाव, चार अष्टमांश म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे... पाऊण! बॉबिन भरता भरता मी ऐकत होते. सममूल्य अपूर्णांक हा शब्द तिनं नंतर पुस्तकात वाचला, तेव्हा म्हणाली, हे तर टेपवरचंच आहे. तुमच्या घरी टेप नसेल, पण पावशेराचं माप असेल, भाकरी असेल. चतकोर भाकरी आपण रोज वाढतो आणि मुलाला कळू देत नाही की तो १/४ आहे.

शिष्यवृत्तीचं विचारलंत. आमच्या लहानपणी ती चौथीला होती, लेकीच्या वेळी पाचवीला. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. बसू द्या मुलाला, सराव चांगला होतो, बुद्धिमत्तेचे प्रश्न मुलांना आवडतातही. आम्हीही तेव्हा एका क्लासला घातलं होतं. तिथे दर रविवारी गुणांची यादी भिंतीवर लावायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. दोन महिन्यांत पोर शनिवारी रात्री जेवेनाशी झाली. काढलं तिला. परीक्षा घरच्या अभ्यासावर दिली, यादीत नाव आलं नाही. त्याचं मला दुःख नाही. दोन महिने तिला तिथे राहू दिलं, याचं आहे.

पाचवीत आता नापास करतात ही भीतीही तुमच्या बोलण्यात होती. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, आणि आमची पोर त्या पहिल्याच वर्षाची. राहिलं तर आधी जादा शिकवतात, पुन्हा परीक्षा घेतात, तीतही जमलं नाही तरच त्याच वर्गात बसवतात. वर्षभर मुलाला धाक घालण्यासारखं त्यात काही नाही.

धाकाचा परिणाम मी बघितलाय. ते वीसपैकी सात आले तेव्हा मी फार बोलले होते. पुढच्या चाचणीचा पेपर मला महिन्यानं सापडला, तिच्या कंपासपेटीच्या तळाशी, आठ घड्या करून. सहीच्या जागी तिनं माझं नाव लिहायचा प्रयत्न केला होता आणि खोडरबरानं कागद फाटला होता. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. तेव्हापासून गुण विचारत नाही. "चुकलेलं एक दाखव, आपण बघू" म्हणते. आता दप्तर ठेवायच्या आधी पेपर दाखवते.

आणि एक. तुमचा मुलगा आहे, तरी सांगते. पाचवीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला पाळीबद्दल सगळं सांगितलं, पॅड हातात देऊन दाखवलं. तिच्या वर्गातल्या एका मुलीला शाळेतच आली होती, तिला वाटलं आपल्याला काहीतरी लागलंय, आणि ती मधल्या सुट्टीभर संडासात रडत बसली. या वयात अभ्यासाइतकंच हेही चाललेलं असतं, मुलांच्या अंगातही, त्यांच्या बाकावरही. रोज वीस मिनिटं शेजारी बसायची सवय असली की वाचता वाचता असलं काही निघतं. "आई, आज ना..." असं म्हणून पुस्तक पालथं घालते, तेव्हा मी पुस्तकाचं नाव काढत नाही.

तुमचं ब्लाउज गुरुवारी होईल. साडेसातला या, मुलाला आणि त्याच्या गणिताच्या पुस्तकाला घेऊन. त्याला कुठलं उदाहरण अडतंय ते त्याच्याच तोंडून ऐकू. बटणांचा डबा आहेच.