पुरुमेंत

ऑक्टोबरची दुपार होती. चार महिने तोंड लपवून बसलेले ऊन सोप्यावर लख्ख उतरले होते आणि असे ऊन फुकट घालवणे आमच्या घराच्या रीतीत बसत नसल्यामुळे मी कपाटातली पुस्तके बाहेर काढून चटईवर मांडत होते. पुस्तके थेट उन्हात ठेवू नयेत, कागद पिवळा पडतो आणि बांधणी तडकते. ती सावलीत, पण उन्हाची धग पोहोचेल अशा जागी, पाने पंख्यासारखी उलगडून उभी करावीत, ही बाबांची शिकवण मी आजही मोडत नाही. पुस्तकावरची बुरशी जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्यानेच पुसावी, हा मात्र माझा स्वतःचा हट्ट. घरात आता धोतर नेसणारे कोणी उरलेले नाही, पण फडके अजून पुरते आहे.

पुसता पुसता ध्यानात आले की शब्दकोश, पाककृतींची वही आणि गेल्या वर्षीचे दिवाळी अंक अगदी स्वच्छ होते. बुरशीचा सर्वांत जाड थर होता तो ज्याला मी गेली पन्नास वर्षे ‘माझे सर्वांत आवडते पुस्तक’ म्हणत आले, त्याच्यावर. म्हणजे निदान तीन पावसाळे मी त्याला हात लावलेला नव्हता. कोणी विचारले तर त्याच्याविषयी तासभर बोलेन. नाव मात्र सांगणार नाही, कारण नाव सांगितले की माणसे ते वाचायला मागतात.

आमचे घर फोंडा तालुक्यात. मे महिना सरत आला की पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड सुरू होई. उकडे तांदूळ, सोले, मिरच्या, कांद्याच्या माळा, सुके बांगडे, फणसाची साटे, चुलीसाठी सुकी लाकडे. एकदा पाऊस लागला की बाजाराची वाट धरवत नसे. बाबांच्या लेखी पुस्तके हाही पुरुमेंताचाच जिन्नस होता. देवळाच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे भाविकांच्या उतरण्यासाठी बांधलेल्या इमारतीतल्या, एका खोलीत वाचनालय होते आणि एरवी एका वर्गणीवर एकच पुस्तक देणारे ग्रंथपाल मृगापूर्वी मात्र एकदम चार पुस्तके देत, कारण पुढे ओहोळाला पाणी आले की आम्ही येऊ शकणार नाही हे त्यांना ठाऊक असे. सगळ्या पुस्तकांना सिमेंटच्या पिशवीच्या खाकी कागदाचे कव्हर असे आणि ते ज्या खळीने चिकटवलेले असे, तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेला असे. पाठीवर फक्त क्रमांक. त्यामुळे आम्हां मुलांना पुस्तके नावाने ठाऊकच नव्हती. ‘एकशे बारा वाचलेस का?’ असेच आम्ही एकमेकांना विचारत असू. वीज गेली की आजी कंदील मधोमध ठेवी, बाबा मोठ्याने वाचत आणि कौलांवरच्या सरीचा आवाज चढला की थांबून राहत. कथेतले कितीतरी आणीबाणीचे प्रसंग मी अशा पावसाने रोखून धरलेले ऐकले आहेत. आजही तसा प्रसंग वाचताना मी मध्येच थांबते. का थांबले ते मग आठवते.

माझे ते आवडते पुस्तक पुढे पणजीच्या एका दुकानात मूळ मुखपृष्ठासह दिसले, तेव्हा मी ते ओळखलेच नाही. मुखपृष्ठावर एक रडवेली बाई होती. मला ती अगदीच परकी वाटली आणि पुस्तक मी विकत घेतले नाही. माझ्याकडे खाकी कव्हराची प्रत होती ना.

भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला, हे आम्ही पाहुण्यांना मोठ्या ऐटीने सांगतो. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत, पण रोमन अक्षरांत, इथेच १६१६ मध्ये छापले गेले आणि सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्याला ते वाचायला मिळते ते ओव्या हाताने उतरवून घेणाऱ्या, कोणाकोणाकडून पोथी मागून आणणाऱ्या माणसांमुळे. हे वाचले तेव्हा मला त्या नकलून घेणाऱ्यांचे कौतुक वाटले होते. पोथी देणाऱ्यांचा विचार त्या दुपारी प्रथमच मनात आला.

कारण फडक्याने खाकी कव्हर पुसताना आतल्या बाजूची चिठ्ठी वर आली. तिच्यावर बाबांची सही होती आणि परत करण्याची तारीख होती १२ जुलै १९७४. त्या पावसात ओहोळ चढला होता, मग मला ताप आला, मग ते राहूनच गेले. पुढे वाचनालयही बंद झाले. त्या खोलीत आता मंडपवाल्याच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात. १९७४ पासून ते वाचनालय बंद होईपर्यंत ‘एकशे बारा आहे का?’ असे किती मुलांनी विचारले असेल आणि ग्रंथपालांनी त्यांना काय उत्तर दिले असेल?

चारच्या सुमाराला डोंगरामागून ढग चढले. मी सगळी पुस्तके घाईघाईने आत घेतली. त्यातही आधी तेच.