वाळक्या फांदीतून भुंगेरे निघेपर्यंत

भुंगेरा फुलावर सापडला म्हणून तो त्याच झाडात वाढला, असं धरून चालत नाही. मी राहतो तिथे, कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, वसंतात पिवळ्या रानफुलांवर अ‍ॅक्मिओडेरा, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या अळ्यांच्या ब्युप्रेस्टिडी कुळातले भुंगेरे, परागकण खात बसलेले असतात. त्यांचे वरचे कडक पंख एकमेकांना जुळलेले, त्यामुळे ते मिटलेलेच ठेवून उडतात आणि लांबून गांधीलमाशी वाटतात. पण त्या फुलझाडांना लाकूडच नाही. मग अळ्या वाढतात कुठे? ते बघायचं तर फांदी घरी आणून वाट पाहायची.

फांदी निवडणं हेच खरं काम. माझ्या अंगणातलं सिअ‍ॅनोथसचं झुडूप उन्हाने करपून एका बाजूने वाळत होतं. त्याच कुळातल्या क्रायसोबोथ्रिस भुंगेऱ्यांना असंच आजारी झाड लागतं. साल उचकटली, तर आत चपटे, भुशाने गच्च ठासलेले बोगदे. अळीला पाय नसतात. डोक्यामागचा भाग रुंद, मागचं शरीर निमुळतं, अगदी पळीसारखी. अळी दिसली की फांदी कामाची. सालीवर नुसती चपटी भोकंच भोकं असतील तर घेऊ नका, राहणारे निघून गेलेत.

हातभर तुकडे केले, ओल टिकावी म्हणून टोकांना मेण लावलं आणि खोक्यात बंद केले. खोक्याच्या भोकात काचेची बरणी बसवली; बाहेर आलेला किडा उजेडाकडे जातो, आपोआप बरणीत येतो. अधूनमधून पाण्याचा हलका फवारा. जास्त झाला की बुरशी. झुडपाचं नाव, ठिकाण आणि फांदी तोडल्याची तारीख खोक्यावर लिहाच. त्याशिवाय सगळी मेहनत वाया. आणि सरपण दूर नेऊ नका. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेला अ‍ॅशच्या झाडांचा हिरवा खोडकिडा सरपणातूनही पुढे लांबवर पसरला.

आधी निघाल्या अळ्यांवर जगणाऱ्या बारीक माश्या. मग लांब मिशांचे भुंगे. उन्हाळ्याच्या तोंडावर अखेर क्रायसोबोथ्रिस आले, तांबूस झळाळीचे. लहानपणी बाभळीवरून काडेपेटीत भरायचो त्या हिरव्या भुंग्याचे हे भाऊबंद. अ‍ॅक्मिओडेरा मात्र एकही नाही.

खोकं अजून रिकामं केलेलं नाही. काही भुंगेरे दुसऱ्या वर्षी निघतात. घराच्या लाकडातून या कुळातले भुंगेरे पन्नास वर्षांनीही बाहेर पडल्याच्या नोंदी आहेत. ही नोंद बायकोला सांगितलेली नाही, तिला गॅरेज मोकळं हवंय.