तुम्ही विचारलंत म्हणून: दोन बॉल कशाला?

अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या थंडीत घराबाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा इथली आमची मराठी मंडळी एखाद्या शनिवारी मुलाबाळांसकट बोलिंगला जमतात. मी चाकांची बॅग ओढत आत येते, दोन बॉल काढून रॅकवर ठेवते, आणि कुणीतरी विचारतंच, “ताई, दोन-दोन बॉल कशाला? एक टाकला की परत येतोच ना?” त्या गडबडीत मी “एक स्ट्राइकचा, एक स्पेअरचा” म्हणून मोकळी होते. तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला दोन बॉल मिळतात. पहिल्याच बॉलला सगळ्या पडल्या तर स्ट्राइक, उरलेल्या दुसऱ्याने पाडल्या तर स्पेअर. स्पेअरला दहा गुण, वर पुढच्या बॉलने जितक्या पिना पडतील तितके. आता समजा, एखाद्याला अख्ख्या गेममध्ये एकही स्ट्राइक पडला नाही. दर वेळी नऊ पडल्या आणि उरलेली एक त्याने दुसऱ्या बॉलने घेतली. त्याचे होतात 190. तेच नऊ-नऊ पाडून उरलेली एक दर वेळी सोडली, तर होतात 90. पहिला बॉल दोघांचाही सारखाच पडलाय. मधले शंभर गुण सगळे दुसऱ्या बॉलचे आहेत. टाळ्या मात्र स्ट्राइकला पडतात, त्यामुळे लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळणारी माणसंही सरावाचा सगळा वेळ पहिल्या बॉलवर घालवतात. मीही पहिली चार वर्षं तेच केलं.

मग आमच्या टीममधल्या एका निवृत्त मशिनिस्टने मला एक छोटी वही दिली आणि म्हणाला, मागे काय उरतं ते लिहीत जा. महिन्याभरात वहीत एकच आकडा सगळीकडे दिसायला लागला: 10. पिनांना नंबर असतात. सर्वांत पुढची 1, आणि शेवटच्या रांगेत उजव्या कोपऱ्यात उभी असते ती 10. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल अगदी हवा तिथे, 1 आणि 3 यांच्या बेचक्यात बसला, तरीसुद्धा ती उभी राहू शकते. बॉल 3 ला मारतो, 3 जाऊन 6 ला आणि 6 ने जाऊन 10 ला पाडायचं असतं. पण 6 किंचित वेगळ्या कोनात उडाली की 10 च्या मानेभोवतून जाते, बाजूच्या भिंतीवर आपटते आणि गटरमध्ये, म्हणजे लेनच्या कडेच्या खोबणीत, पडते. आपण काही चुकलेलं नसतं आणि ती एकटी उभी असते.

ती घेणं अवघड का, तर तिच्या शेजारी गटर आहे. बॉलचा व्यास साधारण साडेआठ इंच आणि पिनची जाडी पोटाशी पावणेपाच इंच. म्हणजे मधल्या एखाद्या पिनला बॉल डावीकडून किंवा उजवीकडून सुमारे साडेसहा इंच चुकला तरी घासून जातो. एकूण तेरा इंचांची मुभा मिळते. 10 नंबरच्या उजवीकडे मात्र लेनची कड तीन इंचांच्या आत येते, त्यामुळे मुभा नऊ इंचांवर येते. तीही साठ फुटांवरून.

माझा स्ट्राइकचा बॉल रिअॅक्टिव्ह रेझिनचा आहे. लेनवर पुढच्या सुमारे दोन तृतीयांश भागात तेल असतं, मध्ये जास्त आणि कडेला कमी. तेलावरून हा बॉल घसरत जातो, कोरड्या भागात आला की पकड घेतो आणि डावीकडे वळतो. स्ट्राइकला हेच वळण हवं असतं. 10 नंबरसाठी तेच वळण वैरी. कडेने टाकला तर तो पिनजवळ येऊन आत वळतो आणि पिनच्या डाव्या अंगाने निघून जातो. त्यात संध्याकाळभर वीस जण खेळले की तेल जागचं हलतं. सात वाजता जितका वळत होता, नऊ वाजता तो तितकाच वळेल याची खात्री नसते. एका मोसमाच्या शेवटच्या रात्री, शेवटच्या फ्रेममध्ये, माझ्यासमोर 10 नंबर एकटी उभी होती आणि तेवढीच पाडायची होती. मी स्ट्राइकचाच बॉल टाकला. तो शेवटच्या दहा फुटांत वळला आणि त्याच्या आणि पिनच्या मधून हात गेला असता इतकी जागा राहिली. पुढच्याच आठवड्यात मी दुसरा बॉल घेतला.

हा दुसरा बॉल प्लास्टिकचा आहे, म्हणजे पॉलिएस्टरचा. कवच गुळगुळीत आणि कडक, आत साधा गाभा. तेल असो नसो, तो सरळ जातो. रिअॅक्टिव्हच्या मानाने बराच स्वस्त पडतो, तेल शोषत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. तुम्ही नवीन असाल आणि एकच बॉल घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: हाच आधी घ्या.

बॉल सरळ जाणारा असला तरी हात वळला तर उपयोग नाही. पहिल्या बॉलला मी सोडताना बोटं बॉलच्या कडेने फिरवते. दुसऱ्याला तळहात बॉलच्या मागे, समोर पिनकडे ठेवते आणि कुणाच्या ओंजळीत काही द्यावं तसा हात पुढे जाऊ देते. अंगठ्याच्या भोकाचं मापही इथे फार महत्त्वाचं. भोक सैल असलं की बॉल निसटू नये म्हणून आपण नकळत आवळून धरतो, आणि आवळलं की मनगट फिरतंच. थंडीतून आत आल्यावर माझा अंगठा बारीक झालेला असतो. तेव्हा भोकाच्या आत खरबरीत पांढऱ्या टेपचा एक तुकडा जास्त लावते, आणि तासाभराने अंगठा फुगला की बॉलच्या पिशवीतल्या चिमट्याने तो ओढून काढते.

उभं कुठे राहायचं? 10 नंबरसाठी डावीकडे. लेन 39 फळ्यांची असते आणि फाउल लाइनच्या (जिच्यापुढे पाय टाकायचा नाही ती रेघ) पुढे साधारण पंधरा फुटांवर सात बाण आखलेले असतात. फळ्या उजवीकडून मोजल्या तर मी 33 व्या फळीच्या आसपास उभी राहते आणि मधल्या, म्हणजे चौथ्या बाणावरून बॉल तिरका पाठवते. सगळी लेन ओलांडून तो कोपऱ्यात जातो. खांदेही त्या पिनकडे वळवते आणि चालतेही तिच्याच दिशेने. बहुतेकांचं इथेच चुकतं. पाय डावीकडे नेतात आणि छाती मात्र समोरच ठेवतात. दुसरी चूक म्हणजे जपून, हळू टाकणं. नेहमीच्याच वेगाने टाका. डाव्या कोपऱ्यातल्या 7 नंबरला याच्या उलट, उजवीकडून.

अधल्यामधल्या पिनांसाठी तीन-सहा-नऊची पद्धत आहे. बाण तोच ठेवायचा आणि स्ट्राइकच्या जागेवरून डावीकडे 3 नंबरसाठी तीन फळ्या, 6 साठी सहा, 10 साठी नऊ सरकायचं. बाण म्हणजे मधला खिळा. पाय डावीकडे गेले की बॉल त्या खिळ्याभोवती फिरून उजवीकडे जातो. सुरुवातीला ही पद्धत चांगली. पण कोपऱ्यातल्या पिनांसाठी स्वतःची एक ठरलेली जागा असावी, असं मी प्रत्येकाला सांगते.

प्लास्टिकचा बॉल सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. 2 च्या थेट मागे 8 लपलेली असते तेव्हा, किंवा 2-4-5-8 असा चौकोन उरतो तेव्हा, सरळ बॉल पुढच्या पिनला किंचित कडेला लागला की बाजूला फेकला जातो आणि मागची तशीच राहते. तिथे मी पुन्हा स्ट्राइकचा बॉल उचलते, कारण वळत आलेला बॉल पिनांमधून आत घुसतो. 3 आणि 10 उरल्या तर प्लास्टिकचाच. कॅरम खेळलेल्यांना हा फटका लगेच कळतो. 3 ला उजव्या अंगाने पातळ कट द्यायचा, की बॉल तसाच पुढे 10 वर जातो.

आणि दोन टोकांच्या 7 आणि 10? 1980 च्या जानेवारीत मार्क रॉथ या व्यावसायिक खेळाडूने टीव्हीवर त्या दोन्ही पाडल्या. त्याच्या आधी टीव्हीवर कुणी तसं केलं नव्हतं, आणि 2021 मध्ये अँथनी न्यूएरने केलं तेव्हा तो फक्त चौथा होता. मी तिथे एकच पिन निवडते आणि ती घेते, कारण लीगमध्ये मोसमाच्या शेवटी तो एक गुणही मोजला जातो. मला पाहायला सर्वांत आवडतो तो वॉल्टर रे विल्यम्स. घोड्याच्या नाला फेकण्याच्या खेळातही जगज्जेता, आणि बोलिंगमध्ये पीबीएची, म्हणजे व्यावसायिक बोलर्सच्या संघटनेची, 47 विजेतेपदं. त्याचा नेम बघताना कळतं की दर वेळी तेच पाय, तोच हात, तोच वेग असला की एकटी पिन सोपी होते.

आता तुमच्याबद्दल. बोलिंगला गेल्यावर तिथल्या रॅकवरून तुम्ही उचलता तो बॉल प्लास्टिकचाच असतो. म्हणजे स्पेअरचा बॉल तुमच्या हातात आधीपासूनच आहे. वजन जमेल आणि अंगठा न आवळता आत-बाहेर होईल असा एक शोधा, त्याचा रंग आणि त्यावरचा आकडा लक्षात ठेवा आणि रात्रभर तोच वापरा. पुढच्या शनिवारी पहिला बॉल कसाही पडू दे, 10 नंबर उरली की मला हाक मारा. मी तुमच्या डाव्या पायाशी उभी राहून 33 वी फळी दाखवते.