कप्पा आम्ही भरतो, रस्ता आवरतो

घरातले कपाट आपण आवरतो. मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, कप्पा मात्र रस्ता आवरतो, आणि तोही स्वतःच्या मर्जीने. हे मला पहिल्याच प्रवासात कळले. निघण्याच्या आदल्या दिवशी मी गाडीच्या पोटातले सगळे कप्पे मोठ्या निगुतीने भरले होते: पाण्याची नळी वेटोळे करून एका कोपऱ्यात, विजेची लांब केबल दुसऱ्या कोपऱ्यात, घडीच्या खुर्च्या मागच्या भिंतीला टेकवून आणि हत्यारांची पिशवी त्यांच्या पायाशी. दार लावताना आत नजर टाकली तेव्हा सारे एखाद्या प्रदर्शनात मांडल्यासारखे दिसत होते. दोन तास वळणावळणाचा रस्ता कापून दार उघडले, तर खुर्च्या आडव्या झाल्या होत्या, नळीने केबलला असा विळखा घातला होता की कोण कोठे सुरू होते ते समजेना, आणि हत्यारांच्या पिशवीतला एक स्क्रूड्रायव्हर पिशवी सोडून थेट दाराशी येऊन बसला होता. दार वर उचलताक्षणी तो माझ्या पायावर उतरला.

त्या दिवशी ध्यानात आले, की चालत्या घराच्या कप्प्यात वस्तू ठेवलेली नसतेच. ती गाडी सुरू होईपर्यंत थांबलेली असते. ब्रेक लागला की ती पुढे सरकते, वळण आले की बाहेरच्या बाजूला जाते, खड्डा आला की क्षणभर वर उचलली जाते आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगावर बसते. शेकडो किलोमीटर हेच चालू राहिले तर कप्प्यात एक नवी मांडणी तयार होते, आणि तिच्यात जड वस्तू खाली जाऊन हलक्या वस्तूंना चेपून बसलेल्या असतात. यावर उपाय एकच: वस्तूला सरकायला जागाच द्यायची नाही. डबा हवा तो एवढ्यासाठी. तो जागा वाढवत नाही, उलट स्वतःच्या भिंतींपुरती खातोच. पण मोठ्या मोकळ्या पोकळीचे तो लहान लहान खणांत रूपांतर करतो, आणि मग वस्तू हलली तरी वीतभरच हलते.

डबे आणण्याच्या कामात पहिली चूक मी मोजपट्टी हातात घेऊन, अगदी शास्त्रशुद्धपणे केली. कप्प्याची आतली उंची मोजली, ती ४५ सेंटिमीटर भरली, म्हणून ४२ सेंटिमीटर उंचीचे सहा डबे घेऊन आलो. कप्प्याचे दार मात्र ३८ सेंटिमीटरच उंच होते. डबा तिरपा करून पाहिला, आडवा करून पाहिला, झाकण काढून पाहिला, आणि शेवटी तो जमिनीवर ठेवून त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. कप्पा आत कितीही प्रशस्त असो, डब्याचे माप दारावरून घ्यायचे असते, आणि दाराभोवतीची रबरी पट्टी जी दोन-एक सेंटिमीटर जागा आत घेते ती वजा करून घ्यायचे असते. शिवाय आतली जागाही दिसते तशी सरळ चौकोनी नसते. कोठे चाकासाठी आत आलेला फुगवटा असतो, कोठे सांगाड्याची आडवी पट्टी, कोठे पाण्याचा पाइप किंवा तारांचा जुडगा. तारांना तर डब्याची कड सतत घासणार नाही इतके अंतर सोडावेच लागते, कारण एका दिवसात काही होत नसले तरी वर्षभराच्या घर्षणाने तारेवरचे आवरण झिजते.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो आणि आधी पुठ्ठ्याचे डबे करून पाहिले. जुनी खोकी कापून, चिकटपट्टी लावून हव्या त्या मापाचे नमुने केले, ते दारातून आत सरकवले, फुगवट्याजवळ अडतात का ते पाहिले. पत्नी हा उद्योग बराच वेळ शांतपणे पाहत होती. शेवटी म्हणाली, "अहो, मग हेच वापरले तर? हलकेही आहेत आणि बसतातही." प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, पण गाडीच्या पोटातल्या कप्प्यांचा पत्रा रात्री थंड होतो, आतल्या हवेतला दमटपणा त्यावर थेंब होऊन जमतो, आणि ओला पुठ्ठा भरल्या वजनाखाली कधी बूड सोडेल याचा नेम नसतो. प्लास्टिकच्या डब्यांतही पाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंसाठी मी बुडाला चार भोके पाडून घेतली आहेत. बंद झाकणाखाली ओली नळी आठवडाभर राहिली, की झाकण उघडणाऱ्याला श्वास रोखून धरावा लागतो.

आकाराचा प्रश्न मला वाटला होता त्याहून रंजक निघाला. गोल डबा देखणा असतो, पण ज्या चौकोनात तो नेमका बसतो त्यातली जेमतेम साडेअठ्ठ्याहत्तर टक्के जागाच तो वापरतो. उरलेली चार कोपऱ्यांत वाटली जाते आणि कोणाच्याच उपयोगाला येत नाही. चौकोनी डब्यांतही एक फसवा प्रकार असतो, तो म्हणजे तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता. रिकामे असताना असे डबे एकात एक बसतात, त्यामुळे ते साठवायला आणि वाहून न्यायला सोयीचे पडतात. मात्र भरून शेजारी शेजारी ठेवले की त्यांच्या बुडांमध्ये पाचरीसारखी फट राहते, आणि हरवलेल्या वस्तूंचे पहिले आश्रयस्थान तीच असते. कारखान्यांत आणि गोदामांत वापरतात ती सरळ भिंतींची क्रेट्स या बाबतीत अधिक प्रामाणिक असतात. ६०० बाय ४०० मिलिमीटर हे त्यांचे रूढ माप. ४०० बाय ३०० ची दोन क्रेट्स त्याच्यावर बरोबर बसतात, एक बोटही इकडे तिकडे होत नाही. ही दोन लहान क्रेट्स मोठ्यावर ठेवताना खाच खाचेत बसल्याचा जो हलका आवाज येतो, तो ऐकण्यासाठी मी ती विनाकारण एकदोनदा उचलून पुन्हा ठेवली आहेत, हे येथे मान्य करायला हरकत नाही.

पारदर्शक डबे घ्यावेत की रंगीत, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. काचेसारखा लख्ख पारदर्शक डबा बहुधा पॉलिस्टायरीनचा असतो आणि तो धक्क्याने तडकतो. दुधट, अर्धवट आरपार दिसणारा डबा पॉलिप्रोपिलीनचा. तो दाबला तर वाकतो आणि पुन्हा जागेवर येतो, म्हणून रस्त्याचे हादरे सोसायला तोच बरा, कडाक्याच्या थंडीत तोही ठिसूळ होतो हे लक्षात ठेवून. पण पारदर्शकपणाचा फायदा तरी किती? बाहेरून दिसते ती फक्त भिंतीला टेकलेली वस्तू, आणि शोधायची वस्तू नेहमी मधोमध असते. म्हणून मी चिठ्ठ्यांच्या पक्षाचा आहे. चिठ्ठी मात्र झाकणावर लावू नये. डब्यावर डबा आला की झाकण दिसत नाही. दिसते ती दाराकडची बाजू. हे इतके उघड आहे, तरी मी आधी सगळ्या चिठ्ठ्या झाकणांवरच लावल्या होत्या.

डबे रचून झाले की मनात एक धोकादायक समाधान उतरते. जागा शिल्लक दिसते, आणि शिल्लक जागा पाहिली की माणूस आणखी काहीतरी भरतो. मोटरहोममध्ये जागा संपण्याच्या आधी वजनाची मर्यादा संपते. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली, की वस्तूंचा एक डबाही आत न ठेवता शंभर किलो खर्ची पडलेले असतात. रिकाम्या क्रेट्सचे वजनही दहाबारा नगांत जाणवण्याइतके होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजन कोठे ठेवले आहे. गाडीच्या अगदी मागच्या टोकाला मोठा कप्पा असतो आणि तो भरण्याचा मोह प्रत्येकाला होतो. समजा, दोन अ‍ॅक्सलमधले (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले) अंतर चार मीटर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन मीटर मागे शंभर किलो ठेवले, तर मागच्या अ‍ॅक्सलवर शंभर नव्हे, दीडशे किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून पन्नास किलो उचलले जातात. लहान मुलांच्या सीसॉचाच हा हिशेब आहे. फक्त येथे वर उचलली जाणारी बाजू सुकाणूची असते. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मी हत्यारांचा डबा, जॅक आणि साखळ्या निमूटपणे दोन चाकांच्या मधल्या, खालच्या कप्प्यात हलवल्या, उजव्या-डाव्या बाजूंचा तोल पाहिला, आणि मागे गाद्या, खुर्च्या, चादरी असा हलका पसारा ठेवला. मग भरलेली गाडी वजनकाट्यावर नेली. वजनकाट्यावर उभे राहण्याची धास्ती केवळ माणसांनाच असते असे नाही.

एका कप्प्यात मात्र डबा तर सोडाच, फडकेसुद्धा ठेवत नाही, तो म्हणजे गॅसच्या टाक्यांचा. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो खाली साचतो; म्हणूनच त्या कप्प्याच्या तळाला हवा जाण्यासाठी झरोके ठेवलेले असतात. टाकीशेजारची ती रिकामी जागा पाहून हात शिवशिवतात हे खरे, पण तेथे ठेवलेली एखादी पिशवी सरकून नेमकी त्या झरोक्यावर बसू शकते.

राहिला प्रश्न कोणती वस्तू कोणत्या डब्यात घालायची याचा. सुरुवातीला मी जातवार वाटणी केली होती: सगळ्या नळ्या एकत्र, सगळ्या केबल एकत्र, सगळे लाकडी-प्लास्टिकचे ठोकळे एकत्र. कागदावर ती फार नीटनेटकी दिसायची, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर एकेका कामासाठी चार दारे उघडावी लागायची. शिवाय पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी या केवळ नळ्या आहेत म्हणून शेजारी नांदाव्यात, ही कल्पना आता आठवली तरी अंगावर काटा येतो. आज त्यांचे डबे वेगळे, कप्पे वेगळे आणि रंगही वेगळे आहेत. बाकीची वाटणी आता वेळेनुसार आहे. पोहोचताच लागते ते एका डब्यात आणि दाराशी सर्वांत पुढे: चाकांखाली घालायचे ठोकळे, पाणसळ, हातमोजे, विजेरी. त्यानंतर वीज आणि पाणी. केबलचे रीळ कप्प्यात अर्धेच उलगडून काम भागवण्याची खोड मला होती; गुंडाळलेल्या केबलमधून जास्त वीज ओढली तर उष्णता आतच कोंडते आणि आवरण वितळू शकते, हे कळल्यापासून रीळ पूर्ण उलगडता यावे म्हणून सुटे, वेगळ्या डब्यात असते. त्रिकोणी इशारा-फलक आणि प्रथमोपचाराची पेटी कशाच्याही खाली किंवा मागे नसते. ऋतू बदलल्यावरच लागणारे सामान सर्वांत आत, आणि त्या डब्याला ओढायला एक दोरी बांधलेली, म्हणजे अर्धे अंग कप्प्यात घालून पाय बाहेर हलवत पडण्याची वेळ येत नाही.

एवढ्या शिस्तीतही एका डब्याने मला शेवटपर्यंत दाद दिली नाही, आणि तो डबा पत्नीचा होता. त्याला चिठ्ठी नव्हती. त्यात रबरबँड, कपड्यांचे चिमटे, एक मोडकी कडी, दोऱ्याचे गुंडाळे, कोणत्याच कुलुपाची नसलेली किल्ली आणि आणखी काय काय होते. प्रत्येक आवराआवरीत मी त्यातल्या वस्तू त्यांच्या त्यांच्या डब्यांत पाठवायचो आणि पुढच्या प्रवासापर्यंत तो पुन्हा भरलेला असायचा. "याचे नाव तरी सांग, चिठ्ठी लावतो," असे मी म्हटले, की ती म्हणायची, "असू द्या हो तो तसाच."

मग एका पावसाळी रात्री आम्ही उशिरा मुक्कामाला पोहोचलो. अंधारात पहिले दार उघडले, ठोकळे हाताला लागले, गाडी समपातळीत आली, केबल लागली, सारे ठरवल्याप्रमाणे झाले. पाण्याची नळी जोडली आणि जोडाच्या भोवतीने पाण्याची चळकांडी थेट माझ्या बाहीत शिरली. आतला रबरी वायसर गळून गेला होता. मी पाण्याच्या डब्यात पाहिले, हत्यारांच्या डब्यात पाहिले, सुट्या भागांच्या डब्यात दोनदा पाहिले. पत्नी छत्री धरून उभी होती; तिने वाकून तो बिनचिठ्ठीचा डबा ओढला, विजेरीच्या उजेडात दोन बोटे आत घातली आणि एक काळा वायसर माझ्या ओल्या तळहातावर ठेवला.

सकाळी कप्पा उघडला तेव्हा त्या डब्याच्या दाराकडच्या बाजूवर तिच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली होती: "किरकोळ. आधी येथे पाहावे."