पंखा अडला तर हात काढा

स्मरणिकेसाठी लिहा असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं: वर्कशॉपचे सर आणि स्टँडवरचं जिप्सी मेजर हे विमानाचं इंजिन. सरांचं नाव लिहायची गरज नाही. इंजिनाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण आताच्या मुलांनी ते फाटकाजवळ रंगवून ठेवलेलंच पाहिलंय.

फ्रँक हॅलफर्ड यांनी डी हॅविलंड या ब्रिटिश विमान कंपनीसाठी आखलेलं हे १९३२चं इंजिन. हवेनं थंड होणारं, चार सिलिंडर एका ओळीत, १३० अश्वशक्ती, आणि उलटं: पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, वर आणि सिलिंडर खाली. आधीचं जिप्सी थ्रीही असंच. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथमध्ये तेच होतं. मेजर बसलं टायगर मॉथ या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाला. उलट्या मांडणीमुळे पंखा, म्हणजे प्रोपेलर, उंच राहतो आणि सिलिंडर वैमानिकाच्या नजरेच्या आड येत नाहीत. पण विमान उभं असताना तेल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत खाली सिलिंडरच्या डोक्यात उतरतं. हवा-पेट्रोल आत घेणारी इनलेट आणि धूर बाहेर सोडणारी एक्झॉस्ट, यांपैकी एखादी व्हाल्व्ह उघडी असेल तर ते वाहून जातं. दोन्ही बंद असतील तर तिथेच साचतं.

सुट्टीनंतरच्या एका सोमवारी पंखा फिरवताना मध्येच दगडासारखा अडला. वर्गातल्या सर्वांत दणकट मुलानं जोर लावायला घेतला, तर सरांनी त्याचं मनगटच धरलं. स्विच बंद आहेत हे पुन्हा पाहिलं, प्लग काढले आणि खाली कँटीनचा स्टीलचा पेला धरला. काळं तेल सावकाश पडत राहिलं, पेला काठोकाठ भरून वाहू लागला. मग फळ्यावर हिशोब मांडला: व्यास ११८ मिलिमीटर, स्ट्रोक १४०, म्हणजे एका सिलिंडरचे १५३१ घन सेंटिमीटर. कॉम्प्रेशन ५.२५ला १, म्हणून पिस्टन टोकाला पोचल्यावर उरणारी जागा फक्त ३६० घन सेंटिमीटर. तेल दाबलं जात नाही. वाकतो तो पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. आणि तो त्या दिवशी मोडत नाही, पुढे कधीतरी हवेत मोडतो.

त्यांनी सर्वांत जास्त बजावलं ते पुढचं. अडलेला पंखा उलटा फिरवून सोडवायचा नाही. उलटा फिरवला की तेल इनलेट व्हाल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोल आणणाऱ्या नळीत, ढकललं जातं, वाटतं मोकळं झालं, आणि सुरू करताच तेच तेल परत आत ओढलं जातं. पेट्रोल जास्त झालं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी: स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, मग उलटा फिरवून पेट्रोलची वाफ बाहेर काढायची. या दोन्हींत गल्लत केलेली सरांना खपत नसे.

हवेला दिशा देणाऱ्या पत्र्यांबद्दल, म्हणजे बॅफलबद्दलही, ते असेच काटेकोर होते. समोरच्या तोंडातून आलेली हवा सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांमधून, म्हणजे फिन्समधूनच, जायला हवी. एक पत्रा सैल झाला की हवा सोपी वाट धरते आणि सिलिंडर तापतो. तेलाचा दाब दर चौरस इंचाला ४० ते ४५ पौंड, ३०च्या खाली गेला की इंजिन बंद. हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. त्यांचे विद्यार्थी आज मोठमोठ्या जेट इंजिनांच्या कागदांवर सह्या करतात. ती शिस्त त्या पेल्यातून आली.

आता फिन्सवर चंदेरी रंगाचे थर आहेत आणि पंखा नटांनी जखडलाय. शाळेला कळकळीची विनंती आहे, ते नट काढा. प्लग काढून साचलेलं तेल वाहू द्या, सिलिंडरमध्ये थोडं ताजं तेल फवारा आणि महिन्यातून एकदा पंखा हातानं हळूहळू फिरवा. स्विच बंद असला तरी मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, जिवंत आहे असंच समजा. मॅग्नेटोला गप्प करणारी अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विचला काही अर्थ नसतो. आणि पंखा अडला, तर आधी हात काढा.